जुने पॅसिव्ह स्पीकर ॲक्टिव्ह करायचे असतील तर

नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या एका रसिकांनी विचारले आहे की, त्यांच्याकडे सुमारे वीस वर्षांपूर्वीचे दोन-मार्गी पॅसिव्ह (आत ॲम्प्लिफायर नसलेले) स्पीकर आहेत. साडेसहा इंची वूफर, एक इंची डोम ट्विटर, मागे पोर्ट (हवेसाठीचे नळीसारखे भोक) असलेली पेटी आणि २५०० हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर (खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्विटरकडे विभागून पाठवणारा भाग) अशी त्यांची रचना आहे. आतला क्रॉसओव्हर काढून टाकून प्रत्येक ड्रायव्हरला (म्हणजे वूफरला आणि ट्विटरला) स्वतंत्र ॲम्प्लिफायर द्यावा, विभागणी डीएसपीने (संकेतावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या उपकरणाने) करावी आणि हे सगळे पेटीच्या आतच बसवावे, असा त्यांचा विचार आहे. आवाजात खरोखर फरक पडेल का आणि सुरुवात कुठून करावी, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

फरक पडतो, आणि नीट केले तर तो चांगला पडतो. मात्र तो कुठून येतो याविषयी बहुतेकांची समजूत उलटी असते. ॲम्प्लिफायर चार झाले म्हणून आवाज सुधारत नाही. विभागणी ड्रायव्हरच्या प्रत्यक्ष स्वभावाला धरून करता येते, म्हणून तो सुधारतो. हा स्वभाव कळण्याचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे मोजमाप. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, पूर्ण मोजमाप होईपर्यंत आतला क्रॉसओव्हर कायमचा काढून टाकू नका.

शब्दांचा घोळ आधी दूर करतो. ज्या पेटीत ॲम्प्लिफायर आहे पण त्यानंतर जुनाच पॅसिव्ह क्रॉसओव्हर आहे, ती पॉवर्ड पेटी होय. दोन ॲम्प्लिफायर लावले पण क्रॉसओव्हर जागेवरच ठेवला, तर ते बाय-ॲम्पिंग झाले. ॲक्टिव्ह म्हणजे विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधी, कमी व्होल्टेजच्या संकेतावर होते आणि ॲम्प्लिफायर व ड्रायव्हर यांच्यामध्ये तारेखेरीज जवळजवळ काहीच उरत नाही.

पेटी उघडलीत की मागच्या टर्मिनलच्या आत गोंदाने चिकटवलेला एक छोटा बोर्ड दिसेल. त्यावर तांब्याच्या दोन-तीन कॉइल, काही कपॅसिटर आणि पांढऱ्या सिमेंटचे एक-दोन रेझिस्टर असतील. हा बोर्ड केवळ चाळणी आहे असे समजून लोक तो काढतात आणि तिथेच फसतात. त्या पांढऱ्या रेझिस्टरकडे नीट पाहा. तेवढ्याच संकेतावर वूफर ८७ डेसिबल आणि ट्विटर ९१ डेसिबल आवाज देत असेल, तर ट्विटरला चार डेसिबल खाली आणण्याचे काम तो करत असतो. वूफरच्या मालिकेतली कॉइल अनेकदा हिशेबापेक्षा मोठी दिसते. तिच्यामागेही कारण असते. पेटीच्या पुढच्या फळीची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर साधारण ५७५ हर्ट्झच्या वर आवाज फळीमुळे पुढे फेकला जातो आणि त्याच्या खाली तो पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतो. त्यामुळे खालचा भाग सैद्धांतिकदृष्ट्या सहा डेसिबलपर्यंत कमी पडतो. खोलीच्या भिंती त्यातला काही भाग परत देतात. उरलेली तूट त्या मोठ्या कॉइलने, वरचा भाग दाबून, भरून काढलेली असते. याशिवाय ड्रायव्हरच्या प्रतिसादातले एखादे उंचवटे दाबणे आणि ॲम्प्लिफायरला दिसणारा इम्पीडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा एकूण विद्युत रोध) आटोक्यात ठेवणे हीही कामे त्याच बोर्डावर झालेली असतात. म्हणजे तुम्ही जो आवाज वीस वर्षे आवडीने ऐकलात, त्याचा मोठा हिस्सा त्या बोर्डाने घडवलेला आहे.

मी पहिली जोडी ॲक्टिव्ह केली तेव्हा हे मला वाचून माहीत होते, पण हाताला माहीत नव्हते. मी २५०० हर्ट्झ, २४ डेसिबल प्रति सप्तक असे पाठ्यपुस्तकी आकडे डीएसपीत भरले आणि तबल्याचे एक ध्वनिमुद्रण लावले. चाटेवरचा ‘ना’ टोचत होता, डग्ग्याची घीस पातळ झाली होती, आणि एकाच वादकाचे दोन हात दोन वेगवेगळ्या ठिकाणी बसल्यासारखे वाटत होते. डग्गा जवळजवळ पूर्णपणे वूफरचा, तर ‘ना’च्या वरच्या स्वरांशांचा मोठा भाग ट्विटरचा, म्हणून जोड कुठे उसवला आहे हे तबला लगेच सांगतो. चाचणीसाठी मी आजही आधी तबलाच लावतो आणि मग स्त्रीगायकाचे संथ ख्यालगायन.

चूक कुठे होती ते सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेली आणि त्यांच्या व रस रायली यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी अशी आहे: जोडाच्या वारंवारतेवर दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबल खाली असाव्यात आणि कलेत (फेजमध्ये, म्हणजे लहरींच्या चढउताराच्या वेळेत) एकमेकींशी जुळलेल्या असाव्यात, म्हणजे बेरीज सपाट येते. ही अट हवेतल्या आवाजाला लागू आहे. डीएसपीच्या पडद्यावर दिसणाऱ्या वक्राला नाही. ट्विटर स्वतःच आपल्या अनुनादाच्या (ज्या वारंवारतेवर तो स्वभावतः घुमतो तिच्या) खाली १२ डेसिबल प्रति सप्तक या उताराने घसरतो. त्याच्यावर २४ डेसिबलची विद्युत चाळणी चढवली, तर खालच्या बाजूला एकूण उतार ३६ डेसिबलकडे जातो आणि कला बिघडते. ट्विटरचा स्वतःचा उतार जमेस धरून उरलेला तेवढाच उतार डीएसपीने द्यायचा असतो. वूफरचे गणित निराळे आहे: त्याचा वरचा भाग सरळ घसरत नाही, तर ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये कोन थरथरून एक-दोन उंचवटे काढतो आणि मग कोसळतो. हे उंचवटे स्वतंत्र फिल्टरने दाबल्याशिवाय कुठलाही पाठ्यपुस्तकी उतार कामाला येत नाही.

आता फायद्यांकडे वळतो, पण मोजून मापून. ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामधली कॉइल निघाल्यामुळे पकड घट्ट होते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे, पण किती? कॉइलचा रोध ०.४ ओहम आणि व्हॉइस कॉइलचा ६ ओहम धरला, तर वूफरचा विद्युत क्यू (ॲम्प्लिफायर कोनाला किती आवरतो हे सांगणारा आकडा; कमी म्हणजे पकड घट्ट) साधारण सव्वासहा टक्क्यांनी कमी होतो. ऐकून ओळखता येईल इतका हा फरक क्वचितच असतो. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. जोरात वाजवताना व्हॉइस कॉइल तापते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढत असल्यामुळे १०० अंश तापमानवाढीत तो ३९ टक्क्यांनी वाढतो. पॅसिव्ह चाळणी त्या रोधावरच उभी असल्याने तिचा आकारच बदलतो, म्हणजे हळू आणि जोरात ऐकलेल्या गाण्याचा तोल वेगळा होतो. ॲक्टिव्ह रचनेत तापलेला ड्रायव्हर थोडा मंद होतो एवढेच. जोड मात्र जागेवर राहतो.

तिसरा फायदा व्होल्टेजचा. खर्जाचा १० व्होल्ट आणि तारस्वराचा १० व्होल्ट असे दोन शिखर एकाच क्षणी आले, तर एका ॲम्प्लिफायरला २० व्होल्ट द्यावे लागतात. ८ ओहमवर ती २५ वॉटची मागणी झाली. तेच काम वाटून दिले, तर प्रत्येकाला सव्वासहा वॉट पुरतात. शिवाय डग्ग्याच्या ठोक्यावर वूफरचा ॲम्प्लिफायर क्षणभर कापला गेला, तरी ट्विटरला त्याची झळ लागत नाही. म्हणून मोठाल्या वॉटच्या मागे न लागता कमी गोंगाटाचे, साधारण ५० वॉटचे मॉड्यूल घ्या. तुमच्या खोलीत ते भरपूर होतील.

मोजमापासाठी कॅलिब्रेशनच्या दाखल्यासह येणारा यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड ही मोफत संगणकप्रणाली पुरेशी आहे. अडचण खोलीची असते. पेटी आणि मायक्रोफोन दोन्ही जमिनीपासून एक मीटर उंचीवर, एकमेकांपासून एक मीटर अंतरावर ठेवले, तर जमिनीवरून परतलेला आवाज थेट आवाजापेक्षा १.२४ मीटर जास्त चालून सुमारे ३.६ मिलिसेकंदांनी पोहोचतो. त्याच्या आधीच मोजमापाची वेळ-खिडकी बंद केली, म्हणजे त्यानंतरचा आवाज हिशेबात धरला नाही, तर मोजमाप २८० हर्ट्झच्या वरच विश्वासार्ह राहते. आपल्याकडे यावर सुरेख उपाय आहे तो गच्चीचा. पेटी आणि मायक्रोफोन दोन-दोन मीटर उंच स्टँडवर, कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, मोकळ्या मध्यभागी ठेवले की मर्यादा ११० हर्ट्झपर्यंत खाली येते. वारा पडलेली, रहदारी निवलेली रात्र निवडा. उन्हाळ्यात आसपासच्या घरांचे कूलर पहाटेपर्यंत घोंघावत असतात. त्यांचा आवाज खालच्या पट्टीत मिसळतो, म्हणून हे काम मी दिवाळी ते फेब्रुवारी या दिवसांत उरकतो. खर्जासाठी मायक्रोफोन वूफरच्या कोनापासून अर्धा-एक सेंटिमीटरवर आणि पोर्टच्या तोंडाशी धरून वेगळे मोजमाप घ्यावे आणि नंतर जोडावे.

काय काय मोजायचे? प्रथम जसा आहे तसा पूर्ण स्पीकर. मग मायक्रोफोन न हलवता, क्रॉसओव्हरमधून एकटा वूफर आणि एकटा ट्विटर. त्यानंतर क्रॉसओव्हर वगळून दोन्ही ड्रायव्हर थेट; ट्विटर मोजताना आवाज अगदी कमी ठेवा आणि ५०० हर्ट्झच्या खाली स्वीप (वारंवारता सरकत जाणारा चाचणीचा सूर) नेऊ नका. यांपैकी दुसऱ्या पायरीला माझ्या मते सर्वाधिक किंमत आहे. क्रॉसओव्हर असताना आणि नसताना एकाच ड्रायव्हरच्या दोन आलेखांची वजाबाकी केली की बोर्ड नेमके काय करत होता ते उघड होते, आणि तोच आकार डीएसपीत आधी उतरवता येतो. म्हणजे मूळ अभियंत्याने दिलेला आवाज तुमच्या हातात राहतो. त्याच्यावर सुधारणा नंतर करा, एका वेळी एक.

विलंबाचा प्रश्न पॅसिव्ह रचनेत अवघड आणि डीएसपीत सोपा आहे. वूफरचे ध्वनिकेंद्र ट्विटरच्या मागे साधारण २५ मिलिमीटर असेल, तर आवाजाला ते अंतर कापायला ७३ मायक्रोसेकंद लागतात. ऐकायला हा आकडा नगण्य वाटतो, पण २५०० हर्ट्झला तरंगलांबी १३८ मिलिमीटर असल्याने तो ६५ अंशांचा कलाफरक ठरतो. ट्विटरला तेवढा विलंब दिला की दोघे एका रेषेत येतात. जुळले की नाही हे पाहण्याची पद्धत अशी: एका ड्रायव्हरची ध्रुवता मुद्दाम उलटी करा आणि जोडाच्या जागी पडणारा खड्डा पाहा. तो जितका खोल आणि सममित, तितकी जुळणी चांगली. २५ डेसिबलहून खोल खड्डा मिळाला की ध्रुवता पूर्ववत करून थांबावे. वूफरचे धन टोक कोणते हे आधी दीड व्होल्टच्या सेलने तपासून घ्या. धनाला धन टेकवले की कोन बाहेर येतो. ट्विटरवर हा प्रयोग करू नये.

ट्विटरच्या रक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या हातून एक उत्तम रेशमी डोम ट्विटर असाच गेला. डीएसपीतली जुनी मांडणी पुसून नवी भरत होतो आणि ॲम्प्लिफायर चालूच होते. नवी मांडणी चढेपर्यंतच्या त्या सेकंदांत चारही आउटपुटवर पूर्ण संकेत गेला. आवाज फार मोठा नव्हता. एक कोरडी खरखर आली आणि संपली. डोम काढून पाहिला तेव्हा केसासारखी तार कॉइलवरून सुटून फटीत अडकलेली होती. पॅसिव्ह रचनेत मालिकेतला कपॅसिटर ट्विटरला खर्जापासून आणि डीसीपासून आपोआप वाचवत असतो. ॲक्टिव्ह केल्यावर तो पहारेकरी जातो. म्हणून मी आता प्रत्येक ट्विटरच्या मालिकेत ३३ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ठेवतोच. ६ ओहमबरोबर त्याची सीमा ८०० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे जोडापासून पुरेशी खाली. अंतिम मोजमाप मात्र तो बसवल्यावर घ्यावे, कारण ट्विटरच्या अनुनादाशी त्याची थोडी देवघेव होतेच. यामुळे ‘शुद्धता’ जाते असे कुणी म्हटले तरी कपॅसिटर काढू नका. तसेच चालू करताना डीएसपी आधी आणि ॲम्प्लिफायर नंतर, बंद करताना ॲम्प्लिफायर आधी, हा क्रम कधीही मोडू नका. काही सेकंद उशिरा जुळणारा रिले बसवला तर लक्षात ठेवण्याचीही गरज उरत नाही.

क्लास-डी (स्विचिंग पद्धतीचे) ॲम्प्लिफायर मॉड्यूल घेताना दोन गोष्टी सांभाळा. यांतल्या बऱ्याच मॉड्यूलचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे असते, म्हणजे ऋण टोकही जिवंत असते. अशा दोन चॅनेलची ऋण टोके एकत्र जोडली किंवा अर्थला टेकवली, तर मॉड्यूल तत्काळ जळते. तुमच्या पेटीमागे टर्मिनलच्या दोन जोड्या असतील, तर त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या पहिल्याच दिवशी काढून वेगळ्या डबीत ठेवा. त्या राहिल्या तर दोन ॲम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांवर आदळतात.

दुसरी गोष्ट सळसळीची. पूर्वी ट्विटरच्या आधीचा रेझिस्टर ॲम्प्लिफायरचा गोंगाटही दाबत होता; आता ट्विटर थेट जोडला गेल्याने शांत खोलीत ‘स्स्स’ असा आवाज ऐकू येतो. याचा उपाय डीएसपीत पातळी कमी करण्यात नाही, कारण त्याने संगीत खाली येते आणि गोंगाट तिथेच राहतो. ॲम्प्लिफायरचा गेन (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) कमी करा. तो बदलता येत नसेल, तर डीएसपी आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये दोन रेझिस्टरचा साधा विभाजक घाला. १० ते १२ डेसिबलची घट बहुधा पुरते, आणि डीएसपीचा स्वतःचा गोंगाटही तेवढाच खाली येतो.

हे सगळे पेटीच्या आत बसवण्याच्या विचाराला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही निवत नाही, आणि कापूस भरलेल्या लाकडी पेटीत उष्णतेला बाहेर जायला वाट नसते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, हा आडाखा आपल्या हवामानात फार लवकर खरा ठरतो. शिवाय आतली जागा व्यापली की पोर्टचे ट्यूनिंग (पोर्टमधली हवा ज्या वारंवारतेवर घुमते ती) सरकते, आणि सततच्या कंपनांनी सोल्डरचे सांधे सुटतात. दोन्ही पेट्यांचे मॉड्यूल, पॉवर सप्लाय आणि डीएसपी एका हवेशीर धातूच्या डब्यात बाहेर ठेवा आणि प्रत्येक पेटीपर्यंत चार तारांची केबल न्या. डबा तीन पिनांच्या प्लगने अर्थ केलेला असावा. गुणगुण येते म्हणून अर्थची पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. २३० व्होल्टशी तडजोड नको. कारण शोधा, ते बहुधा टीव्हीच्या केबलमधून आलेल्या दुसऱ्या अर्थमध्ये सापडते.

डीएसपी हाती आला की खर्ज वाढवण्याचा मोह होतो. पोर्टच्या पेटीत ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही, तिथे काहीही वाढवू नका. उलट तिथे हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचे स्वर रोखणारी चाळणी) लावा. एरवीही एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायला कोनाला चौपट हलावे लागते आणि सहा डेसिबल वाढ म्हणजे चौपट शक्ती, हे लक्षात घेतले की साडेसहा इंची वूफरकडून किती मागावे ते आपोआप ठरते.

या सगळ्याच्या आधी एक संध्याकाळ वेगळी काढा. वूफरच्या कडेचा सराउंड बोटाने हलकेच दाबून पाहा. तो फोमचा असेल आणि चिकट लागत असेल किंवा त्याचा भुगा होत असेल, तर आधी तो बदलावा लागेल. क्रॉसओव्हरवर बायपोलर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतील, तर वीस उन्हाळ्यांनंतर त्यांची मूल्ये हमखास सरकलेली असतात. सुटे काढून मोजा. पाचदहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर तेवढ्याच मूल्याचे नवे बसवा आणि आठवडाभर ऐका. माझ्याकडे ‘ॲक्टिव्ह करायचे आहे’ म्हणून आलेल्या काही जोड्या एवढ्यावरच समाधानाने परत गेल्या आहेत, आणि मला त्यात वावगे वाटत नाही. त्यानंतरही हात घालायचा असेल, तर तुमचे दोन-मार्गी स्पीकर त्यासाठी योग्य आहेत. दोन इनपुट आणि चार आउटपुट असलेला एकच डीएसपी दोन्ही पेट्यांना पुरतो. काढलेले क्रॉसओव्हर बोर्ड डावा-उजवा असे लिहून जपून ठेवा, म्हणजे मूळ रूपात परतता येते.

गच्चीवरची तिन्ही मोजमापे आणि दोन्ही ड्रायव्हरचा इम्पीडन्स यांचे आलेख झाले की मला पाठवा. जोडाची वारंवारता २५०० वर ठेवायची की थोडी खाली आणायची, हे ट्विटरचा अनुनाद कुठे आहे ते पाहूनच सांगता येईल.